चौथी बाटली

परब सिस्टर,

काल तुमच्या घरी जाऊन आले. काळाचौकीच्या त्या तिसऱ्या मजल्यावर मी अठरा वर्षांत दोनदाच आले होते. एकदा तुषारच्या लग्नानंतरच्या पूजेला आणि एकदा तुमच्या रिटायरमेंटनंतर, तुम्ही हट्टाने जेवायला बोलावलंत तेव्हा. दोन्ही वेळा तुम्ही दारात उभ्या होतात आणि मी जिना चढत असतानाच वरून ओरडत होतात, "किती उशीर केलंस गो, माशे थंड झाले!" काल दारात कोणी नव्हतं. चपला काढून मी आपली आत गेले. टीव्हीशेजारी तुमचा फोटो होता, रिटायरमेंटच्या दिवशीचा, युनिफॉर्ममधला, आणि त्याला हार घातलेला होता. तुम्हाला हार म्हटलं की खाज सुटायची. त्या दिवशी डीनच्या हातून घातलेला हार तुम्ही अर्ध्या मिनिटात काढून आयाबाईंच्या हातात दिला होतात. फोटोतही तो काढायला हात वर येईल असं मला उगीचच वाटत राहिलं.

मी का गेले होते ते सांगते. तुम्ही गेलात त्या दुपारी, आयसीयूच्या दाराबाहेर, तुषारने मला विचारलं, "मॅडम, आईची सलाईन तुम्ही पहिल्याच दिवशी बंद केलीत. चौथी बाटली लावली असती तर आई राहिली असती का?" मी म्हणाले, नाही. तुझ्या आईला औषधांना न जुमानणाऱ्या जंतूने नेलं, बाटलीने नाही. उत्तर खरं होतं. पण ते मी डॉक्टरच्या आवाजात दिलं, उभ्या उभ्या दिलं, आणि लगेच कागदावर सही करायला वळले. त्याला ते पटलेलं नव्हतं हे त्याच्या मानेवरून कळत होतं. तुमचा मुलगा जन्मभर समजत राहणार की आईच्याच हाताखाली शिकलेल्या बाईने आईचं पाणी तोडलं, हे काही मला सहन होईना. बारा दिवस गेले. तेरावं झालं, आणि काल सुट्टी टाकून गेले.

पण काय झालं ते सांगण्याआधी थोडं मागचं बोलू दे. मी बोलतेय आणि तुम्ही मध्ये तोंड घालत नाही, अशी संधी मला अठरा वर्षांत मिळालेली नाही.

मी परळच्या त्या वॉर्डात पहिल्यांदा आले तेव्हा माझी डिग्री ताजी होती आणि नाक वर होतं. दादरच्या घरात सगळ्यांनी डोक्यावर घेतलेली मुलगी. तुम्ही वॉर्डाच्या इन्चार्ज. सकाळी सातला यायचात, चिकटपट्टीचे बोटभर तुकडे कापून टेबलाच्या कडेला ओळीने चिकटवून ठेवायचात आणि मग चहा प्यायचात. मला वाटलं, या बाईंना काही काम नाही. दुपारपर्यंत कळलं की प्रत्येक बाटलीवर त्यातली एक पट्टी जाते, तिच्यावर नंबर आणि वेळ असते, आणि तुमच्या वॉर्डात पट्टीशिवाय बाटली टांगणाऱ्याला तुम्ही जिवंत सोडत नाही.

जुलै-ऑगस्टचे दिवस होते. आसपास पाणी तुंबलं की आठवड्याभराने आपला वॉर्ड भरतो. ताप, काविळीसारखे डोळे, कोसळलेलं ब्लडप्रेशर. सेप्सिसमध्ये जंतूंशी लढता लढता शरीरच सैरभैर होतं, रक्तवाहिन्या सैल पडतात, आणि आत आहे ते रक्त पुरेनासं होतं. मग शिरेतून पाणी भरायचं. पण कुठलं पाणी? नातेवाइकांच्या लेखी टांगलेली प्रत्येक बाटली म्हणजे सलाईन. आपल्या लेखी त्यात दोन पक्ष. एक साधं मिठाचं पाणी, ते खरं सलाईन. दुसरं रिंगर लॅक्टेट, म्हणजे आपलं आरएल, ज्यात क्षार रक्ताशी जास्त मिळतेजुळते असतात. मी आरएलची. तुम्ही सलाईनच्या.

पहिल्याच आठवड्यात मी एका पेशंटला आरएल जोरात सोडायला सांगितलं आणि सेफ्ट्रियाक्सोन हे अँटिबायोटिक ताबडतोब द्यायला. शीर एकच सापडली होती. तुम्ही नळीचा चिमटा बंद केलात आणि म्हणालात, "डॉक्टर, जरा ड्रेसिंग ट्रॉलीपाशी या." पेशंटसमोर तुम्ही मला नेहमी डॉक्टर म्हणायचात, अहो-जाहो करायचात. ट्रॉलीपाशी गेल्यावर आवाज खाली आला. "हे दोन्ही एका नळीतून सोडतंस? आरएलमध्ये कॅल्शियम आहे ना गो? नळीत पांढरा चुरा धरेल. तो गेला फुप्फुसात म्हणजे?" मला हे पुस्तकात वाचल्याचं त्या क्षणी आठवलं आणि कानशिलं तापली. तुम्ही दुसऱ्या हाताला शीर शोधलीत, औषध तिथून गेलं, आणि केसपेपरवर त्याचा उल्लेख कुठेही झाला नाही. जाता जाता टोमणा मारलात तो मारलातच. "म्हणून सांगते, सलाईन लाव. सलाईनचं कुणाशी वाकडं नाही."

झालं. तिथून वाद सुरू झाला तो काही संपला नाही. मी म्हणायचे, सलाईनमध्ये मीठ रक्तापेक्षा जास्त, भरमसाट दिलं तर रक्त आंबट होतं, किडनीला त्रास होतो. तुम्ही कमरेवर हात ठेवून म्हणायचात, "मालवणी माणसाक मिठाचा भय दाखवतंस?" मग तुमचा हुकमी प्रश्न यायचा. "रिपोर्टात लॅक्टेट वाढलं म्हणून तुम्हीच बोंबलता, आणि बाटलीत लॅक्टेट घालून देता. हे कसलं शास्त्र?" मी सांगायचे की बाटलीतलं लॅक्टेट लिव्हर वापरून टाकते, त्याने उलट आंबटपणा कमी होतो, रिपोर्टातलं लॅक्टेट हे आजाराची खूण आहे, तो काही आजार नव्हे. तुम्ही सगळं ऐकून घ्यायचात आणि दाराकडे जाता जाता म्हणायचात, "लिव्हर धड असली तर ना!" एकदा तर मी फळ्यावर आकृती काढली. तुम्ही ती पुसून त्यावर दुपारच्या ड्यूट्या लिहिल्यात. आणि मी हिरमुसून बसले की तुमचा स्टीलचा डबा माझ्या पुढ्यात सरकायचा. "जेवलंस काय गो?"

मधल्या वर्षांत यावर मोठमोठे अभ्यास झाले. काहींत आरएलसारखी बाटली थोडी उजवी ठरली, काहींत फरक असा दिसलाच नाही. मी तुम्हाला पहिले सांगायचे आणि दुसरे गाळायचे. रिटायर झाल्यावर तुम्ही ते दुसरे कुठून तरी व्हॉट्सअॅपवर मिळवून मला पाठवायला लागलात, खाली काही न लिहिता, नुसता चष्मा लावलेला हसरा चेहरा. तो बघून माझा अख्खा ओपीडीचा दिवस चिडचिडीत जायचा. तरी फोन मीच करायचे.

आता त्या कोळीण मावशींचं. हे मला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, पण जीभ वळत नव्हती.

वरळी कोळीवाड्यातल्या मावशी. शिंगाळा माशाचा काटा पंज्यात घुसला, दोन दिवस हळद लावून बाजारात बसल्या, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी आपल्याकडे आल्या तेव्हा हात कोपरापर्यंत काळानिळा आणि नाडी हाताला लागत नव्हती. सर्जननी हात मोकळा केला, अँटिबायोटिक गेलं, आणि पाणी सुरू झालं. मी तोवर लेक्चरर झाले होते. प्रेशर खाली आलं की मला फोन यायचा, मी विचारायचे, "कितवी चालू आहे?" तिकडून उत्तर यायचं, "दुसरी." मी म्हणायचे, "मग अजून एक लावा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि तुम्ही मावशींच्या खाटेपाशी उभ्या होतो. बाटलीवरच्या पट्टीवर 'एक' असा नंबर होता. मी म्हणाले, पहिलीच तर आहे, चालू द्या. तेवढ्यात त्यांची सून बोलली. "सिस्टर, सासूबाईंच्या बांगड्या काढून द्या ना. काल कोपरापर्यंत सरकत होत्या, आज चिमटतायत." ती दुखऱ्या हाताबद्दल बोलत नव्हती. चांगल्या हाताबद्दल बोलत होती.

तुम्ही तो हात बघितलात. मग खाली वाकलात आणि खाटेखालची रिकाम्या बाटल्यांची टोपली बाहेर ओढलीत. नशीब, सफाईवाले अजून आले नव्हते. एकेक बाटली तुम्ही लादीवर उभी केलीत. अकरा. टांगलेली बारावी. अर्ध्या अर्ध्या लिटरच्या बारा बाटल्या, सहा लिटर पाणी एका बारक्या बाईच्या अंगात, आणि पट्टी म्हणत होती एक.

कारण आपल्या वॉर्डात नंबर प्रत्येक पाळीत नव्याने सुरू व्हायचा. सकाळच्या सिस्टरांची एक ते चार, दुपारच्यांची पुन्हा एकपासून, पुढच्यांची पुन्हा एकपासून. ही पद्धत तुमचीच. आपल्या पाळीचं काम आपण चोख दाखवायचं, दुसरीच्या कामात आपलं मिसळायचं नाही, हा तुमचा कडक नियम होता आणि वॉर्डाला त्याचा अभिमान होता. प्रत्येक पाळी चोख होती. मावशी मात्र तीनही पाळ्यांत एकच होत्या.

त्यांच्या फुप्फुसात पाणी भरलं. तासाभरात व्हेंटिलेटर. मोठ्या राउंडला युनिटचे सर आले आणि सगळ्यांदेखत कडाडले, "हे कुणी केलं?" तुम्ही एक पाऊल पुढे आलात. "चूक वॉर्डाची, सर. वॉर्ड माझा." त्यानंतर ते जे जे बोलले ते तुम्ही मान खाली न घालता ऐकलंत.

मी तुमच्या शेजारी उभी होते. त्या बारातल्या सात बाटल्या माझ्या सांगण्यावरून लागल्या होत्या. फोनवर "अजून एक" म्हणणारी मी. एकदाही खाटेपाशी येऊन मी फुप्फुसं ऐकली नाहीत, एकदाही कागद उलटून एकूण किती गेलं ते बघितलं नाही. पट्टीवरचा आकडा सोयीचा होता, मी तो घेतला. आणि सर विचारत होते तेव्हा मी गप्प राहिले. नंतर ट्रॉलीपाशी मी तुमच्याकडे आले, काहीतरी बोलणार होते. तुम्ही म्हणालात, "जा, पेशंट बघ. बोलायला आयुष्य पडलंय."

आयुष्य पडलं नव्हतं, सिस्टर. तेवढंच एक तुमचं चुकलं.

मावशी वाचल्या, ही त्यांची आणि समुद्राची कृपा. चौथ्या दिवशी नळी निघाली, पंधराव्या दिवशी घरी गेल्या, आणि महिन्याने सुके बोंबील घेऊन आल्या ते वॉर्डाला आठवडाभर वास पुरला. पण तुम्ही त्याआधीच, त्याच दुपारी, कुठल्याही परिपत्रकाची वाट न बघता पद्धत बदलली होतीत. नंबर पाळी बदलली तरी पुढेच जाणार. पहिल्या पट्टीवर पेशंटचं वजन आणि त्या वजनाला किती बाटल्या बसतात तो आकडा. तो आकडा आला की बाटली उतरायची आणि डॉक्टरला हाताला धरून खाटेपाशी आणायचं, फोनवर विचारायचं नाही. हे "फोनवर विचारायचं नाही" तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात. मला कळायचं ते कळलं.

आणि मग हा महिना. तुषार तुम्हाला दुपारी बाराच्या सुमाराला घेऊन आला. दोन दिवस लघवीला जळजळ, थंडी वाजून ताप, आणि तुम्ही घरी बसून सगळ्यांना सांगत होतात की काही नाही, नारळपाणी प्यायलं की उतरेल. नर्सांइतके वाईट पेशंट जगात नाहीत, हे मी तुम्हाला तोंडावर म्हणाले. वरचं प्रेशर सत्तर. हातपाय थंड. चार वर्षांपूर्वीच्या झटक्याने हृदयाचा पंप आधीच अर्ध्यावर. तरी मला बघून तुमचा चेहरा उजळला आणि मग नजर माझ्या डोक्यावरच्या बाटलीकडे गेली.

"आरएल? माझ्यावर?"

"तुमच्यावरच. आयती सापडलात."

"सेफ्ट्रियाक्सोन..."

"ते नाही देत आहे, वेगळं आहे. आणि तेही दुसऱ्या लाइनीतून. गप्प पडा."

तुम्ही बोटाने बाटलीकडे खूण केलीत. नव्या सिस्टरने पट्टी लावली होती. वजन पन्नास, बाटल्या तीन, चालू एक. तुम्ही ती वाचलीत आणि डोळे मिटलेत. त्या मुलीला ठाऊक नव्हतं की ही पट्टी कुणाची आहे.

तिसरी संपली तेव्हा मी खाटेपाशीच होते. प्रेशर पंच्याऐंशी, म्हणजे पुरेसं नाही. पुस्तक म्हणत होतं की अजून पाणी देऊन बघता येतं. पण तुमचे पाय वर उचलून धरले तेव्हा पंपाने काही जोर धरला नाही, म्हणजे आणखी पाणी दिलं तरी तो पुढे ढकलणार नव्हता. फुप्फुसाच्या तळाशी बारीक चरचर ऐकू येत होती आणि ऑक्सिजन उतरायला लागला होता. मी म्हणाले, बस. चौथी नाही. रक्तवाहिन्या आवळणारं औषध सुरू करा, सिरिंजच्या बारीक मशीनवरून. दहा मिनिटांत प्रेशर शंभर झालं.

तुषारला मात्र मोठी बाटली गेलेली आणि एक बोटभर सिरिंज आलेली दिसली. "मॅडम, सलाईन काढली? म्हणजे आशा नाही का? ताकदीची तरी एखादी लावा ना." आपल्याकडे बाटली टांगलेली असली की घरच्यांना जिवात जीव असतो. ती उतरली की त्यांना वाटतं, सोडून दिलं. मी त्याला समजावलं, पण घाईत. तुम्ही ऑक्सिजनच्या मास्कवरून सगळं बघत होतात. मला खरंच वाटलं होतं की तुम्ही काहीतरी टोकाल. काही बोलला नाहीत.

ती घाई मला नडली. निर्णय नाही नडला. हे मी आज ठाम लिहिते. त्या दुपारी जे मला दिसत होतं ते पुन्हा दिसलं, तर मी पुन्हा तिसरीवरच थांबेन. पुढचे दोन दिवस तुम्ही स्वतःच्या ताकदीने श्वास घेतलात, तुषारशी बोललात, सुनेला पापलेटाच्या तिखल्यात कोकम किती घालायचं ते सांगितलंत. चौथी आणि पाचवी लावली असती तर ते दोन दिवस मिळाले नसते. तिसऱ्या दिवशी कल्चरचा रिपोर्ट आला आणि कळलं की जंतू आपल्या पहिल्या औषधाला दाद देणारा नाही. औषध बदललं. उशीर झाला होता. चौथ्या दिवशी व्हेंटिलेटर लागला, सहाव्या दिवशी तुम्ही गेलात. मी घरी जाऊन अंघोळ केली आणि नळ चालू ठेवून रडले, आईला ऐकू जाऊ नये म्हणून.

तर काल हे सगळं मी तुषारला सांगितलं. जमिनीवर मांडी घालून, तुमच्या फोटोसमोर. पाय उचलून काय बघितलं, चरचर म्हणजे काय, सगळं. तो ऐकत होता, पण मान तशीच. तेव्हा मला कळलं की नुसतं शास्त्र सांगून हे व्हायचं नाही. मग मी त्याला कोळीण मावशींचं सांगितलं. टोपली, अकरा बाटल्या, चांगल्या हातातल्या बांगड्या. आणि हेही सांगितलं की त्यातल्या सात माझ्या होत्या, आणि तुझी आई सगळ्यांचं एकटी ऐकून घेत होती तेव्हा मी शेजारी गप्प उभी होते. "तुझ्या आईला चौथी का लावली नाही, तर त्या दिवसापासून मी खाटेपाशी उभी राहून मोजते म्हणून," मी म्हणाले.

तुषारने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. "त्या कोळणीचं आई घरी खूपदा सांगायची. पण नेहमी म्हणायची, माझ्या पद्धतीपायी ती बाई मरता मरता वाचली. तुमचं नाव कधीच नाही घेतलं तिने."

घरीसुद्धा नाही, सिस्टर? पोटच्या मुलालासुद्धा नाही?

त्याची बायको पाण्याचा पेला ठेवून गेली. तेव्हा तुषारच म्हणाला, "खरं सांगू का मॅडम, दुसऱ्या दिवशी मी आईलाच विचारलं होतं. तुझी सलाईन का काढली म्हणून. तर मास्क बाजूला करून म्हणाली, 'चौथी लावल्यान नाय, ता बरा केल्यान.' पण मला वाटलं, ती काय, तुमची बाजू घेणारच. तिचा जीव होता तुमच्यावर."

"माझी बाजू?" मी म्हणाले. "अरे, तुझ्या आईने अठरा वर्षांत एकदा तरी माझं बरोबर म्हटलंय का? आरएलच्या बाबतीत तर..."

"हां, ते पण बोलली ना!" तुषार एकदम म्हणाला. "लगेच पुढे म्हणाली, 'पण आरएलचा माका अजून पटूक नाय. सलायनीन पण झाला असता.' मला काही कळलं नाही, म्हटलं तापात बरळतेय."

मी हसले, सिस्टर. तुमच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, हार घातलेल्या फोटोसमोर, मोठ्याने हसले. सून आतून धावत आली. तुषार आधी दचकला आणि मग त्यालाही हसू फुटलं, आणि हसता हसताच त्याचे डोळे भरले. मी त्याला सांगितलं की तुझ्या आईला कुणाचं मन राखायला म्हणून मान डोलवता येत नव्हती. मास्क नाकावर असतानाही ती आरएलशी भांडत होती. अशी बाई जर म्हणाली की चौथी लावली नाही ते बरं केलं, तर ते बरंच केलेलं असणार.

त्याने डोळे पुसले. मग म्हणाला, "जेवून जा मॅडम. आईने बांगड्याचं तिखलं शिकवलंय हिला." जेवले. कोकम जरा जास्त झालं होतं. तुम्ही असतात तर सुनेला सोडलं नसतंत. मी मात्र दुसऱ्यांदा मागून घेतलं. निघताना तुषार खालपर्यंत आला आणि टॅक्सी थांबवून दिली. चौथ्या बाटलीचा विषय त्याने परत काढला नाही.

मला तुमचे आभार मानायचे होते. ड्रेसिंग ट्रॉलीच्या त्या दुपारबद्दल, डब्यांबद्दल, आणि त्या एका पुढे टाकलेल्या पावलाबद्दल, जे माझ्या वाटणीचंही होतं. तुम्ही ते कधी मानू दिले नसतेत, "चल, काम कर" म्हणाला असतात. म्हणून ते मानण्याची दुसरी रीत शोधली.

आज सकाळच्या राउंडला सहा नंबरच्या खाटेवर एक सेप्सिसचा पेशंट होता. सगळे जमले होते, नवे डॉक्टर, नव्या सिस्टर. कुणीतरी विचारलं की पहिल्या पट्टीवर वजन लिहायची ही पद्धत आपल्याच वॉर्डात का आहे. मी त्यांना तुमचं नाव सांगितलं आणि कोळीण मावशींची गोष्ट सांगितली, बारा बाटल्यांसकट, बांगड्यांसकट. त्यातली एक मुलगी, जिने तुम्हाला पट्टी लावली होती तीच, धीर करून म्हणाली, "पण मॅडम, मग चूक नक्की कुणाची होती?"

"माझी," मी सगळ्यांदेखत म्हणाले. मग तिला सहा नंबरची पट्टी मोठ्याने वाचायला सांगितली.